रिता तळहात

तुरीच्या खोडाला कोयता लागेना. यंदा भाद्रपदात रानात पाणी तुंबलं आणि निम्मी तूर उभ्यानं जळाली. जी वाचली तिची खोडं लाकडासारखी झाली होती. प्रेमाबाई डाव्या हातानं झाड वाकवून बुडाशी कोयता घालत होती. दर घावाला मनगटातली कळ खांद्यापर्यंत चढायची. शेंगा हलक्या होत्या. हलवल्या की आत एखादा दाणा वाजायचा.

तिच्या शेजारच्या तासाला, पिकाच्या ओळीला, तिची सून होती, तोरुन. नॉर्वेची. उंच, हाडापेरानं मोठी, आणि इथल्या उन्हानं नाकाचं कातडं सोललेलं. अंगात तिनं नवऱ्याचा, कुमारचा जुना फुल शर्ट घातला होता. तिला उकिडवं बसता येत नव्हतं. ती गुडघे टेकायची, एक झाड कापायची, मग तशीच गुडघ्यांवर पुढं सरकायची.

सावडीला, म्हणजे कामाच्या बदल्यात कामाला आलेली कडूबाई बांधाकडून ओरडली, "प्रेमाबाई, सुनंला इचारा की, तूर कापायली का तुरीच्या पाया पडायली?"

बाया हसल्या. तोरुनला काही कळलं नाही. तीही हसली.

"काकू, तिचे गुडघे वाकत न्हाईत," पेंढ्या गोळा करणारी सृष्टी म्हणाली. "आमच्याकडं समदे खुर्चीवर बसतेत. तुमी तिकडं या, बर्फात चालून दावा. मंग म्या हसते."

बाया आणखी हसल्या, पण कडूबाईचं हसू मधेच थांबलं. तिनं प्रेमाबाईकडं पाहिलं आणि मान खाली घालून कापायला लागली.

सृष्टी कुमारची पोर. जन्मली तिकडं, वाढली तिकडं. यंदा आईबरोबर आजीकडं आली होती. कुमारनं तिला पुस्तकातली मराठी शिकवलीच नव्हती. बेंबळी गावच्या शिवारातली, त्याच्या तोंडातली भाषा त्यानं जशीच्या तशी तिच्या तोंडात घातली होती. 'न्हाय' म्हणताना मान जरा डावीकडं टाकायची, ती लकबसुद्धा. पोरगी बोलायला लागली की ऐकणाऱ्याला वाटायचं, तुरीच्या आड कुमारच उभा आहे.

कुमार आधी इथल्या माळावरच्या पवनचक्क्यांवर कामाला होता. उंच खांबावर चढायचा, वरून घरचं रान दिसतं म्हणायचा. मग कंपनीनं त्याला नॉर्वेला पाठवलं. तिथं त्याला तोरुन भेटली, तिथंच त्यानं घर केलं. महामारीच्या हिवाळ्यात बर्फाच्या रस्त्यावर त्याची गाडी घसरली आणि दवाखान्यात तो गेला. विमानं बंद होती. आईबापानं लेकाची माती मोबाईलवर पाहिली. पांढरी जमीन, तिच्यात काळा खड्डा, आणि खड्ड्यात उतरणारी लांब पेटी.

"आडवं निजवलं," कुमारचे वडील महालिंगप्पा तेव्हा एवढंच म्हणाले होते.

त्यांच्यात, लिंगायतांत, मेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग, जन्मभर गळ्यात बाळगलेला देव, ठेवतात, मग माती देतात. आडवं तर आडवं, असं प्रेमाबाईनं मनाला समजावलं होतं. तिकडचा रिवाज. देव गळ्यात असंल, म्हणजे झालं.

सृष्टी पेंढी उचलायला वाकली. तिच्या सदऱ्याच्या गळ्यातून काहीतरी सुटून लोंबलं आणि उन्हात चमकलं. काळ्या दोऱ्यातली, इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी.

प्रेमाबाईचा कोयता खोडात अडकला तसाच राहिला. डबीच्या झाकणाला कोपऱ्यात चेप होती. कुमार लहानपणी चिंचेवरून पडला होता, तेव्हाची.

---

संध्याकाळी विहिरीवर हातपाय धुताना तिनं नवऱ्याला सांगितलं.

"अवो, देव तिच्या गळ्यात हाय."

"कोणाच्या?"

"सृष्टीच्या. कुमारचा देव. त्याच्यासंगं गेलाच न्हाय."

महालिंगप्पांनी पायावर ओतायला घेतलेला तांब्या तसाच धरला. पाणी तांब्यातून थेंब थेंब खाली पडत राहिलं.

"डबी रिकामी असंल."

"रिकामी न्हाय. लोंबताना वजन कळतंय की."

मग प्रेमाबाईनं ते सांगितलं, जे तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

ती पहाटे अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायची. मोबाईलवर ती माती पाहिली त्याच्यानंतर थोड्याच दिवसांत कुमार यायला लागला होता. दार वाजत नसे. पाऊल वाजत नसे. फ्रीजचं दार उघडावं तशी गार हवा उजव्या अंगाला लागायची आणि तिला कळायचं, तो येऊन बसला. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याचा गुडघा दिसायचा, आणि गुडघ्यावर पसरलेला डावा तळहात. तोंड ती बघायची नाही. पूजेतून मान वळवायची नसते.

"मला वाटायचं, भुकेला हाय," ती म्हणाली. "हात पसरतोय म्हणजे खायाला मागतोय. म्हणून रोज पयली भाकर कावळ्याला घालत व्हते. आता कळलं, काय मागतोय त्ये."

"भास असतेत असले."

"असतील."

"मंग?"

"मंग काय. उद्या अय्यांना बोलवा."

महालिंगप्पांनी तांब्या पालथा घातला. जाताना ते विहिरीच्या कठड्याला अडखळले. रोजची वाट होती ती.

---

अय्या, म्हणजे घराण्याचे जंगम गुरू गुरुसिद्धय्या स्वामी, मोटारसायकलवर आले. ओट्यावर घोंगडी अंथरली. प्रेमाबाईनं त्यांचे पाय धुतले, दूध दिलं. तोरुन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सृष्टी तिच्यापुढं, छातीवर दोन्ही हात घट्ट बांधून.

अय्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ज्याचा देव त्याच्यासंगंच जातो," ते सावकाश म्हणाले. "दुसऱ्यानं गळ्यात घालायचा नसतो. बाळाला पायजे तर म्या दीक्षा देतो, तिचा तिला नवा देव मिळंल. पर ह्यो कुमारचा. ह्येला मातीत द्यायला पायजे. शरीर न्हाय तर न्हाय. रानात तुमच्या वाडवडलांच्या समाध्या हाईत, तिथं द्या."

सृष्टीनं ते आईला तिच्या भाषेत सांगितलं. तोरुनचं तोंड लाल झालं. ती भराभर बोलायला लागली. एरवी ती हळू बोलायची.

"आई म्हणती, न्हाय," सृष्टी म्हणाली. "आई म्हणती, दवाखान्यात बाईनं तिच्या हातात ही डबी दिली, पिशवीत घालून. तिनं त्याच दिवशी माझ्या गळ्यात घातली. तिकडं चांदी मेलेल्या माणसासंगं पुरत न्हाईत. आईकडनं पोरीकडं येती. आई लहान असताना तिच्या आज्जीनं पाळण्यात चांदीचा बिल्ला लावला व्हता. न्हायतर जमिनीखालचे लोक येतेत."

"कोण लोक?" महालिंगप्पांनी विचारलं.

सृष्टीनं आईला विचारलं. तोरुननं ओट्याखालच्या मातीकडं बोट दाखवलं.

"खाली राहतेत ते. लेकरू उचलून नेतेत आणि त्यांचं ठेवून जातेत. चांदी असली की येत न्हाईत. माझ्या आईची चांदी सणाच्या कपड्यांवरची हाय, ती मला मोठी झाल्यावर मिळणार. आणि बापाची ही."

अय्या म्हणाले, "चांदी ऱ्हाऊ द्या की बाळा. आतलं पायजे."

"आतलं बी माझंच हाय."

"सृष्टी," प्रेमाबाई म्हणाली.

"माझंच हाय, आज्जी. तिकडं शाळेत पोरं इचारतेत, तू खरंच इथली हाईस का. तिकडच्या झेंड्याच्या दिवशी आईनं शिवलेले तिकडचे सणाचे कपडे घालून मिरवणुकीत चालत व्हते, तरी एक बाई म्हणली, किती छान, तू कोणत्या देशाची. इथं येताना एसटीत तेच. कंडक्टर म्हणला, कुठल्या मुलखातनं आलीस. म्या ही डबी दाखवते. म्हणते, ह्याची. म्या ह्याची हाय."

तोरुननं पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात कापल्याच्या चिरांनी आणि फोडांनी भरला होता.

महालिंगप्पा एकदम उठले. "पोरीच्या गळ्यातलं ओरबाडून घ्यायचं का आता? न्हाय जमायचं मला." ते गोठ्याकडं गेले आणि बैलाच्या पुढ्यातला कडबा उगीच मागं-पुढं करत राहिले.

अय्यांनी झोळी उचलली. "अमावस्येला येळवस हाय, रानाच्या पूजेचा दिस. तवाच द्या," ते प्रेमाबाईला म्हणाले. "जोर करू नका, बाई. पर टाळू बी नका."

---

दुसऱ्या पहाटे पूजेला बसताना प्रेमाबाईच्या मागं पावलं वाजली. ही खरी पावलं होती. सृष्टी पांघरूण गुंडाळून उभी होती.

"त्यो कुठं बसतो?"

महालिंगप्पांनी सांगितलं असणार. प्रेमाबाईनं उजव्या हातानं शेजारची फरशी दाखवली. सृष्टी त्या जागेवर बसली नाही. समोर, भिंतीला पाठ लावून बसली आणि टक लावून बघत राहिली.

प्रेमाबाईनं लिंगावर भस्म लावलं, बेलाचं पान ठेवलं. थोड्या वेळानं उजव्या अंगाला गार झालं. दंडावर काटा आला.

"आला?" सृष्टीनं दबक्या आवाजात विचारलं. तिनं आज्जीच्या दंडाकडं पाहिलं होतं.

"व्हय."

"मला दिसत न्हाय."

"दिसायला पायजे असं न्हाय."

"काय घातलंय त्यानं?"

"तोंड बघत न्हाय गं म्या. हात तेवढा दिसतो."

सृष्टी रिकाम्या फरशीकडंच बघत बोलली. "आमच्याकडं त्यो एकदा बी आला न्हाय. आई नाताळात त्याच्या थडग्यावर मेणबत्ती लावती. बर्फात खड्डा करून, वारा लागू नये म्हणून. म्या घरी खिडकीत बसते. कधीच आला न्हाय. इथं रोज येतो."

तळहातावरचा देव प्रेमाबाईनं छातीशी धरला.

"आज्जी, ही डबी पुरली तर त्यो यायचा थांबंल?"

"व्हय. मोकळा व्हईल."

"मंग नको ना पुरू." पोर पुढं सरकली. "न्हाय दिला तर रोज यील. म्या आता इथंच राहते. म्या बी रोज बसते. येऊ दे की त्याला. का घालवायचं?"

मान डावीकडं टाकून, हट्टानं, कुमारच्या आवाजात. प्रेमाबाईनं डोळे मिटले. त्या पसरलेल्या हाताकडं ती आजवर दयेनं बघत आली होती. पण पहाटे डोळा उघडला की ज्या ओढीनं ती अंघोळीला उठायची, ती ओढ देवाची किती आणि त्या गारव्याची किती, हे तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं. डबी पाहिल्यापासून तिची छाती धडधडत होती. तिला वाटलं होतं, ते पोराच्या काळजीनं. त्यात भीतीही होती, आता तो जाईल याची.

"आज्जी?"

"पूजा व्हऊ दे," प्रेमाबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

---

त्या दिवशी खळ्यावर वाळलेली तूर बडवायची होती. महालिंगप्पा आणि प्रेमाबाई समोरासमोर उभे राहून काठ्यांनी पेंढ्या बडवत होते. शेंगा फुटून दाणा ताडपत्रीवर उडत होता. तोरुन सुपानं तूर उफणत होती. जमत नव्हतं, भुसा तिच्याच तोंडावर येत होता. प्रेमाबाईनं तिला वाऱ्याकडं पाठ करून उभं केलं.

सृष्टीनं आईला पहाटेचं सगळं सांगितलेलं असावं. तोरुननं सूप खाली ठेवलं आणि पोरीशी बोलली. सांगताना ती प्रेमाबाईकडं बघत होती.

"आई म्हणती, तिच्या आज्जीचं गाव बेटावर व्हतं," सृष्टी म्हणाली. "तिथं गडीमाणसं मासे धरायला जायची. काही परत यायची न्हाईत. मंग ती संध्याकाळी येऊन उभी ऱ्हायची, नावा ठेवायच्या खोपटापाशी. ओल्या कपड्यानं. त्यांना माती मिळाली न्हाय म्हणून. समद्या घरात ठावं व्हतं, पर कोणी बोलत नसे."

महालिंगप्पांची काठी थांबली.

तोरुन पुढं बोलली. सृष्टी थांबली. सांगावं की नाही, अशा नजरेनं तिनं आज्जीकडं पाहिलं.

"सांग," प्रेमाबाई म्हणाली.

"आईची आज्जी सांगायची, घरची बाई खिडकीत दिवा लावून बसली तर ती माणसं जात न्हाईत. तिथंच उभी ऱ्हातेत. थंडीत. बाईनं दिवा काढायचा आणि त्याचं काहीतरी, टोपी न्हायतर बूट, देवळाच्या मातीत द्यायचं. मंग जातेत." सृष्टीनं नाक पुसलं. "आई म्हणती, कुमारला माती मिळाली असं तिला वाटलं व्हतं. तिला कोणी सांगितलं न्हाय. त्यो रोज सकाळी हातावर देव घेऊन बसायचा, ती चहा करायची. तिनं इचारलं न्हाय कधी. त्यानं सांगितलं न्हाय. आई म्हणती, चूक झाली."

"चूक न्हाय," प्रेमाबाई म्हणाली. "तिला सांग, चूक न्हाय. म्या बी फोनवर इचारलं न्हाय. मला वाटलं, इचारायचं काय त्यात."

सृष्टीनं सांगितलं. तोरुननं मान हलवली. मग तिनं पोरीकडं बघून एकच छोटं वाक्य म्हटलं. सृष्टी ताडपत्रीवरून उठली आणि ज्वारीच्या उभ्या पिकात निघून गेली. पाखरं उडाली. बऱ्याच वेळानं ती परतली, तेव्हा डोळे सुजलेले होते. तिच्या मुठीत डबी होती.

"आई म्हणली, ठरव तू."

"मंग?"

"चांदी माझी."

"चांदी तुझीच गं."

---

येळवशीच्या सकाळी सारं शिवार माणसांनी भरलं. महालिंगप्पांनी कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी केली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले, नवी शाल पांघरली. बाजरीचे उकडलेले उंडे, शेंगाभाज्यांची भज्जी, ताकातल्या आंबिलाचं मडकं. दरवर्षीप्रमाणं त्यांनी पानानं पिकावर आंबील शिंपडत फेरी घातली. "ओलगे ओलगे सालम पोलगे" ही येळवशीची पिढीजात हाक देताना त्यांचा आवाज यंदा बांधापलीकडं गेला नाही. तोरुन मागून चालत होती, पाणी घेऊन.

दुपारच्या आत ते बांधाच्या कोपऱ्यातल्या समाध्यांपाशी गेले. अय्या आले होते. कुमारच्या आजोबाच्या समाधीशेजारी महालिंगप्पांनी कुदळीनं खड्डा घेतला. कोपरापर्यंत हात जाईल एवढा. खाली माती ओलसर होती, पावसाची.

डबी सृष्टीनं उघडली. झाकण घट्ट बसलं होतं. तिनं दातांनी ओढलं. आत काळं कुळकुळीत इष्टलिंग होतं, सुपारीहून जरा मोठं.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच," अय्या म्हणाले.

प्रेमाबाईनं सृष्टीचा डावा हात धरून उघडला, बोटं सरळ केली आणि लिंग तिच्या तळहातावर ठेवलं. पोरीनं श्वास रोखला. हात किंचितसा खाली गेला, जणू वस्तू दिसते त्याहून जड होती.

"गरम हाय," ती म्हणाली.

"तुझ्या अंगाचं हाय त्ये. एवढी वर्सं गळ्यात व्हतं."

मग सृष्टीनं ओणवं होऊन हात खड्ड्यात घातला. बराच वेळ काढला नाही. तोरुन गुडघ्यांवर बसली होती. तिनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला नाही, फक्त जवळ बसली. हात वर आला तेव्हा तो मातीनं भरलेला आणि रिकामा होता. अय्यांनी भस्म टाकलं, बेल टाकला. सगळ्यात आधी महालिंगप्पांनी माती लोटली, दोन्ही हातांनी. त्यांना पुढं बघता येत नव्हतं. निम्मी माती बाहेर पडली. प्रेमाबाईनं ती गोळा करून आत घातली.

कोपीत येऊन सगळ्यांनी भज्जी खाल्ली. शेजारच्या रानातनं कडूबाईनं हाक मारली, "प्रेमाबाई, आमच्याकडं बी या, आंबील प्यायला!" प्रेमाबाईनं हात वर केला.

---

दुसऱ्या पहाटे ती पूजेला बसली तेव्हा सृष्टी आधीच भिंतीला टेकून होती. गळ्यात रिकामी डबी. हलकी झालेली, श्वासासरशी हलणारी.

प्रेमाबाईनं भस्म लावलं. पान ठेवलं. डोळे मिटून वाट बघायची नाही असं ठरवलं होतं, तरी उजवा दंड वाट बघत होता. बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा हलली. दूर हमरस्त्यावरून ट्रक गेला. पूजा संपत आली. ती सावकाश करत राहिली, पुन्हा एकदा पहिल्यापासून. देवघरातल्या समईची ऊब दोन्ही अंगांना सारखी लागत होती.

"आला?" सृष्टीनं विचारलं.

तळहातावर देव होता.

"न्हाय गं."

"उद्या?"

"उद्या बी न्हाय."

सृष्टीनं गुडघ्यांत तोंड घातलं. आवाज आला नाही, पाठ तेवढी हलत राहिली. बापाच्या मातीला पोर रडली नव्हती, असं तोरुननं सांगितलं होतं. दारात तोरुन येऊन उभी राहिली होती, कुमारच्या शर्टात. तिला मराठी कळत नव्हती, पण 'न्हाय' तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. ती आत आली, पोरीकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं, आणि कुठं बसावं ते न कळून प्रेमाबाईच्या उजव्या बाजूला वाकली.

"तिथं नगं..." प्रेमाबाईच्या तोंडून गेलं, आणि हात आडवा आला.

तोरुन अर्धी वाकलेली, तशीच थांबली.

प्रेमाबाईनं त्या फरशीकडं पाहिलं. आजवर तिनं मान वळवून तिथं कधी पाहिलं नव्हतं. साधी फरशी होती, एका कडेला तडा गेलेली. तिनं हात मागं घेतला.

"बस," ती म्हणाली. "बस तिथंच."